एका वेढ्यावरची चांदी

दिवाळी अंकाच्या बाई घरी आल्या आणि म्हणाल्या, आजी, तुमच्या कामाबद्दल लिहून द्या. मी म्हटलं, कोणतं काम? धुणं, भांडी, पाणी भरणं, हे कोण वाचणार? तर म्हणाल्या, ते नाही हो, ते चांदीचं. तेव्हापासून चार दिवस झाले, कागद पुढ्यात घेते आणि उठते. काम करताना दमत होते त्याच्यापेक्षा ते आठवताना जास्त दमते आहे. पण बाईंना शब्द दिलाय, म्हणून लिहिते. मी शाळेत गेलेली नाही. निजामाच्या राज्यात शाळा उर्दूची, आणि मुलींना तीही नाही. दुकानात वस्तू गुंडाळायला सोलापूरकडची रद्दी यायची, तिच्यावर बोट ठेवून ठेवून अक्षर ओळखायला शिकले, तेही तिशी उलटल्यावर. तेव्हा चुकलं असेल तिथं बाईंनीच नीट करून घ्यावं.

आमचं दुकान मोमिनाबादला. आता त्याला पुन्हा अंबाजोगाई म्हणतात. आम्ही जातीनं तांबट, पण आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, तरुणपणी मुलाम्याचं काम उचललं. मुलामा म्हणजे तांब्यापितळेवर चांदीचा पातळ हात. आताच्या लोकांना वाटतं मुलामा म्हणजे फसवणूक. आमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस स्वतःहून सांगायचा की वस्तू पितळेची आहे, चांदी वरवर दिसू द्या. आम्ही कुणाला फसवलं नाही. गिऱ्हाइकानं पुढं कुणाला फसवलं असेल तर ते त्याचं त्याला ठाऊक.

सिरसाळ्याची एक म्हातारी होती. तिनं खरे चांदीचे तोडे थोरल्या सुनेला दिले आणि धाकटीला पितळेचे, आमच्याकडून चांदी चढवून. पायातली वस्तू, एकमेकींवर घासते, मुलामा किती टिकणार? मग दर चार-सहा महिन्यांनी म्हातारी तोडे घेऊन हजर. सुनेला सांगायची, उजळून आणते. एकदा मालक म्हणाले, "मावशे, हिला एकदा खरं सांगून टाक की." म्हातारी म्हणाली, "सांगितलं तर तुझं दुकान कशावर चालंल रे बाबा?" पुढं म्हातारी गेली, आणि त्यानंतर धाकटी सून स्वतः तेच तोडे घेऊन आली. मालकांपुढं ठेवून हळूच म्हणाली, "उजळून द्या, पैल्यासारखे." तिला पहिल्यापासून ठाऊक होतं, असं मला पडद्याआडून वाटलं.

पडद्याआडून म्हणते आहे, ते आधी सांगायला पाहिजे.

मालकांनी कामाची सुरुवात पाऱ्यावर केली होती. जुनी रीत तीच. पाऱ्यात चांदी कालवायची, लोणी होतं, ते वस्तूवर थापायचं आणि निखाऱ्यावर धरायचं. पारा धूर होऊन उडून जातो, चांदी खाली राहते. फार पक्कं काम. मोमिनाबादला तेव्हा रिसाल्याची छावणी, घोडेस्वारांच्या तलवारीच्या मुठी, लगामाच्या कड्या, सगळं आमच्याकडे. दहा वर्षं त्यांनी तो धूर खाल्ला. आधी हिरड्या सुजल्या, मग स्वभाव चिडका झाला, मग एक दिवस पाण्याचा पेला ओठाला लावताना दातावर वाजला. त्या दिवसापासून हात थरथरायला लागले ते थांबलेच नाहीत. हकीम म्हणाला, पारा अंगात बसला, आता तो निघत नाही. वय किती, तर पस्तीसच्या आत-बाहेर.

मग काय करता? पोट तर होतंच. पारा आम्ही घराबाहेर काढला आणि थंड मुलाम्यावर आलो. त्याला हात स्थिर लागतो, आणि तो घरात माझा होता. त्यांनी सांगितलं, मी केलं. पहिला चमचा बिघडवला, दुसरा बिघडवला, चौथा बरा आला. आठव्या दिवशी ते चमचा उन्हात फिरवून फिरवून बघत होते आणि काही बोलत नव्हते, तेव्हा मला कळलं की जमलं.

हे काम कसं, ते थोडक्यात सांगते. चांदीचे तुकडे तेजाबात विरघळवायचे. तांबूस धूर येतो, तेव्हा पदर नाकाला. मग त्यात मिठाचं पाणी सोडलं की दूध नासल्यासारखं पांढरं खाली बसतं. आम्ही त्याला दहीच म्हणत होतो. ते सात पाण्यानं धुवायचं, त्यात मीठ, खडूची पूड आणि हैदराबादहून येणारा एक आंबट खार घालून लापशी करायची. ओल्या मलमलीच्या बोळ्यानं ती तांब्यावर घासली की डोळ्यांदेखत चांदी उमटते. एवढंच. पण तांबं आधी किती स्वच्छ पाहिजे, यात सगळं काम आहे. राख आणि चिंच, मग मीठलिंबू, मग रिठ्याचं पाणी, मग साधं पाणी. एकदा धुतलं की उघड्या बोटानं शिवायचं नाही. बोटाच्या तेलकटपणावर चांदी धरत नाही, तिथं मागून काळा ठिपका पडतो. चांदी बोटाला मात्र धरते, काळी होऊन. माझी बोटं टोकाशी कायम काळी. पाण्यावर बायका विचारायच्या, "कावून गं, बोटं काळी?" मी सांगायची, बिब्बा उतला. इतकी वर्षं कुणाला बिब्बा उततो का, हे कुणी विचारलं नाही.

आणि त्या दह्याची एक खोड होती. ते उजेडात काळवंडतं. आधी कडेनं करडं, मग जांभळट, मग कामातून गेलं. म्हणून काम आतल्या अंधाऱ्या खोलीत करायचं. ही खोड आमच्या पथ्यावर पडली. पुढं ओट्यावर मालक बसायचे, हात मांडीखाली किंवा शालीत. बोलायला असे की गिऱ्हाईक उठायला मागायचं नाही. "काम आत अंधारातच होतं, दही उजेडाला भितं," असं ते सगळ्यांना सांगायचे. मग वस्तू घेऊन आत यायचे, गोणपाटाचा पडदा पडायचा, वस्तू माझ्या हातात. बोळा फिरवताना बांगड्या वाजू नयेत म्हणून मी त्या वर सारून चिंधीनं बांधून टाकायची. बाहेर त्यांचं बोलणं चालू, आत माझा हात चालू. अशी बारा वर्षं काढली.

लपवायचं कशाला, असं आताच्या मुली विचारतील. एक तर बाईच्या हातचं कारागिरीचं काम म्हणजे कच्चं काम, असं सगळ्यांनी धरलेलं. पण त्याहून मोठं कारण देवाचं होतं. केजकडच्या एका गावच्या देवीचा तांब्याचा मुखवटा आणि प्रभावळ दर वर्षी नवरात्राच्या आधी आमच्याकडे यायची. त्या गावचे पाटील स्वतः घेऊन यायचे, नव्या धोतरात बांधून. ठेवताना विचारायचे, "सोवळ्यानं करतोस न्हवं तांबटा?" मालक म्हणायचे, "व्हय पाटील." त्या एका कामावर आमची पत होती. पाटलांचं बघून पंचक्रोशीतली देवळं आमच्याकडे यायची. देवीच्या तोंडावरून बाईचा हात फिरतो हे कळलं असतं तर सगळंच बंद झालं असतं. मी माझ्यापुरतं पाळत होते. माझ्या चार दिवसांत मुखवट्याची गाठ सोडत नव्हते. दिवस पुढं ढकलले तर मालक पाटलांना सांगायचे, दही नीट बसलं नाही.

आता अजीजसाहेबांचं सांगते. लिहायचं ते खरं त्यांच्यामुळंच.

अजीजसाहेब तारखात्यातून निवृत्त होऊन मोमिनाबादला आले. उंच, वाळकुडे, दोन्ही खिशांत स्क्रूड्रायव्हर. त्यांच्याकडे रेडिओ होता, पण ऐकायचा नाही, बोलायचा. म्हणजे बोलायचा पण नाही, टिकटिक करायचा. तारेची जी खूण असते कट्ट-कडकट्ट, ती हवेतून पाठवायची. सरकारचा रीतसर परवाना होता, काचेत बसवून भिंतीला लावला होता. रंगूनला त्यांचा जुना दोस्त, एकाच तारऑफिसात नोकरी केलेला, त्याच्याकडे असंच यंत्र. ठरल्या वारी, दिवस मावळतीला टेकला की दोघं एकमेकांना खुणा करायचे. गावात वीज नव्हती. साहेबांनी सायकल चौथऱ्यावर पक्की करून तिला डायनामो जोडला होता, आणि त्यांचा खानसामा इस्माईल ती मारायचा. मिशीवाला, भरल्या अंगाचा माणूस, एक फर्लांग न जाता दर वेळी कोसभर सायकल मारायचा. गाव त्याला विचारायचं, "इस्माईलभाई, रंगून आलं का?"

एक दिवस साहेब दुकानात आले आणि मालकांपुढं तांब्याच्या नळीचं एक वेटोळं ठेवलं. करंगळीएवढी जाड नळी, दहा-बारा वेढे, जिलबीसारखे नाही, स्प्रिंगसारखे. काळं-हिरवं पडलेलं.

"उस्ताद, याच्यावर चांदी पाहिजे. आतनं, बाहेरनं, पुरी."

"हे कशाचं आहे साहेब? हुक्क्याचं?"

"हुक्का कसला. हे माझ्या मशीनचं कलेजं आहे." मग साहेब ओट्यावर बसले आणि सांगायला लागले. पडद्याआड मी कान देऊन. "पाण्याच्या नळात पाणी पोटातनं जातं. ही वीज तशी नाही. ही एका पळात लाखो येरझाऱ्या घालते, आणि जेवढ्या येरझाऱ्या जास्त तेवढी ती वर वर पळते. नुसती तांब्याच्या कातडीवरनं जाते. कातडी मैली असली की वीज तिथंच गरम होऊन मरते. चांदीवरनं ती सगळ्यात सुखानं जाते. मोठ्या साहेबांकडं ताकद बक्कळ, त्यांना थोडी गेली तरी चालते. माझ्याकडं काय आहे? इस्माईलचे दोन पाय. त्यातलं जरा पण वाया घालवणं मला परवडत नाही."

मला ते सगळं तिथंच पटलं. आयुष्यभर वरवरचं काम केलं म्हणून लोक नाक मुरडायचे, आणि हा शिकलेला माणूस म्हणत होता की सगळं वरच आहे.

मालक आत आले, वेटोळं माझ्या मांडीवर ठेवलं. हलक्या आवाजात म्हणाले, "जमंल का?" मी म्हटलं, "आतल्या अंगाला बोळा जात न्हाई. पण बघते."

तीन दिवस लागले. चिंचेच्या कोळात ते रात्रंदिवस बुडवून ठेवलं, हिरवं सुटलं. मग जुन्या धोतराची लांब चिंधी काढली, ती वेढ्याच्या आतून घालून दोन्ही टोकं दोन हातांत धरली आणि ताकाच्या रवीची दोरी ओढावी तशी ओढत राहिले. एकेका वेढ्याला शंभर-शंभर हात. आधी राखेनं, मग लिंबानं, मग दह्यानं. खांदे भरून आले. चौथ्या दिवशी पडदा जरा सारून उजेडात धरलं, तर पहाटेचं दव पडलेल्या कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं. माझ्या हातून एवढं सुंदर दुसरं काही झालेलं नाही. मुखवटासुद्धा नाही, देवी मला माफ करो.

आणि मग मी ती चूक केली.

आम्हा तांबटांच्या घरात पद्धत होती. सासूबाईंनी लावलेली, त्यांना त्यांच्या सासूनं. नवं-उजळलेलं कोणतंही भांडं घरातून जाताना तेलात कालवलेल्या कुंकवाचं बोट त्याला लावायचं. लेकीला मोकळ्या कपाळानं कुणी पाठवतं का, तसं. दिसू नये म्हणून बुडाशी किंवा कानाच्या खाली लावायचं. हंड्याला लावलं, तलवारीच्या मुठीला लावलं, मुसलमान बायकांच्या पानदानालाही लावलं, कुणी काही म्हटलं नाही. वेटोळ्याला बुड कुठलं? मी मधल्या दोन वेढ्यांच्या खाचेत, बाहेरून मुळीच दिसणार नाही अशा जागी, बोट लावलं. चांगलं मनापासून, जरा जास्तच. त्याच दिवशी साहेब ते घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुखवट्याचं गाठोडं घेऊन पाटील ओट्यावर बसलेले. चहा झालेला. तेवढ्यात अजीजसाहेब छत्री आणि वेटोळं घेऊन तरातरा आले.

"उस्ताद, हे काय आहे?"

मी पडद्याच्या भोकातून बघितलं. मधले दोन वेढे काळे ठिक्कर, आणि एका वेढ्यावर बोटभर जागेतली चांदी जळून तांबं उघडं पडलेलं.

"काल चालू केलं, तर इथनं ठिणगी. दुसऱ्यांदा ठिणगी. तिसऱ्यांदा असा जाळ झाला की इस्माईल सायकलवरनं खाली. नाकाला लावून बघितलं तर तेल. आणि लाल. तेलात काय घातलंय हे?"

मालकांना लगेच कळलं. म्हणाले, "साहेब, ते कुंकू हाय. आमच्या घरची रीत. घरच्यांनी लावलं."

पाटील हसले. "साहेब, तुमच्या मशीनीचं लगीन लावून दिलं तांबटानं."

साहेबही थोडे हसले, मग म्हणाले, "हरकत नाही. वाईट मनानं कुणी लावलं नाही. पण आज रंगूनचा वार आहे. दोन वार हुकले. आता तिसरा हुकला तर तो समजेल मी मेलो. एकच वेढा आहे, आत्ता करून द्या."

"देतो की. आतून आणतो."

"आत नको. इथंच करा, माझ्या समोर. पुन्हा कुणी मायेनं काही लावायला नको."

"साहेब, दही उजेडात बिघडतं."

"मी छत्री धरतो ना." आणि त्यांनी खरंच छत्री उघडली आणि ओट्यावर मालकांच्या डोक्यावर धरून उभे राहिले. त्यांच्या मनात काही नव्हतं. घाईतला माणूस, एवढंच. पण आमच्यावर काय आलं होतं ते पडद्याच्या दोन बाजूंना आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. पाटील तक्क्याला टेकून, गाठोडं मांडीवर घेऊन, मजा बघायला सरसावून बसलेले.

मालक आत आले. माझ्याकडे न बघता दह्याची वाटी घेतली, बोळा घेतला, पाणी घेतलं. मी त्यांचं मनगट धरलं. ते हळू म्हणाले, "एकच वेढा हाय." मी मनगट सोडलं.

ते बाहेर जाऊन बसले. वेटोळं दोन्ही गुडघ्यांत धरलं. आधी लिंबानं जळलेलं साफ करायला घेतलं. उजवा हात थरथरत होता म्हणून डाव्यानं उजव्याचं मनगट धरलं, तर दोन्ही थरथरायला लागले. तरी काळं निघालं, जरा वेळ लागला, पण निघालं. मग बोळा दह्यात बुडवला. पहिल्यांदा बोळा वेढ्यावरून घसरून शेजारच्या वेढ्यावर ओरखडा उमटला. दुसऱ्यांदा बोळा हातातून खाली पडला. त्यांनी तो उचलला, झटकला, पुन्हा बुडवला. पाणी सांडलं, ते पाटलांच्या धोतरावर.

"तांबटा, ताप हाय का तुला?" पाटील म्हणाले.

"न्हाई. जरासं बसून बसून."

"मंग हात कावून असे?"

मालकांनी बोळा पुन्हा दह्यात बुडवला. छत्रीखाली त्यांचं तोंड मला अर्धं दिसत होतं. घाम नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबलेला. मी वाटीकडे बघत होते. छत्री झाली तरी ती उघड्यावरची छत्री, खालून उजेड येतच होता. दही कडेनं करडं पडायला लागलं होतं. मधे अजून पांढरं होतं. नवं दही करायचं म्हणजे दोन दिवस. पुन्हा बोळा फिरला, पुन्हा घसरला.

मी बाहेर आले.

पडदा तसाच उघडा सोडला. मी खाली बसले, त्यांच्या गुडघ्यातून वेटोळं काढून माझ्या मांडीवर घेतलं, बोळा घेतला. बांगड्या चिंधीनं बांधलेल्याच होत्या. पाटलांची नजर आधी त्या चिंधीवर गेली, मग माझ्या बोटांवर. करडं बाजूला सारून मी मधलं पांढरं घेतलं आणि घासायला लागले. आधी धुरकट, मग दुधाळ, मग चांदी. वेढा शेजारच्याला मिळून आला. धुतलं, पुसलं, साहेबांच्या हातात रुमालानं दिलं. साहेब छत्री तशीच धरून उभे होते, मालकांच्या डोक्यावर.

मग पाटील मालकांना म्हणाले, "हे आजच्यापुरतं का रोजचंच?"

मालकांनी खोटं बोलायला पाहिजे होतं. मी मनात म्हणत होते, म्हणा आजच्यापुरतं, ताप आलाय म्हणा. ते म्हणाले, "बारा सालं झाली पाटील."

"आन् मुखवटा?"

"तोबी."

मी मान खाली घालूनच म्हटलं, "पाटील, माझ्या चार दिवसात मी त्या गाठोड्याला कधी शिवले न्हाई. देवीची आण."

पाटलांनी गाठोडं उचललं. ओरडले नाहीत, शिवी दिली नाही, त्याचंच जास्त लागलं. म्हणाले, "मला पटतंय बाई. तुझ्या कामात खोट न्हाई, ते बारा सालं डोळ्यांनी बघतोय. पण गावाला काय सांगू? गावाला न्हाई पटायचं." ओट्यावरून उतरले, वहाणा घातल्या, आणि मालकांना म्हणाले, "तू मला इचारलं असतंस एकदा." मालक म्हणाले, "इचारलं असतं तर हो म्हणला असता का?" पाटील गाठोडं काखेत धरून चालायला लागले.

मुखवटा त्या वर्षीपासून दुसऱ्या गावी जायला लागला. वर्षभरात बाकीची देवळंही गेली. तुमचं काम वाईट असं कुणी म्हटलं नाही. या वेळी नको, एवढंच म्हटलं.

अजीजसाहेब दुसऱ्या दिवशी सकाळी आले. ओट्यावर चढले नाहीत, खालीच उभे राहून मालकांना म्हणाले, "उस्ताद, मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी वेटोळं तसंच जळकं वापरलं असतं." मालक म्हणाले, "ते झालं साहेब. रंगून आलं का?" साहेब म्हणाले, "आलं. तो म्हणाला, आवाज असा आहे की शेजारच्या खोलीतनं बोलतोयस." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "भाभी, तुमची चांदी रंगूनपर्यंत गेली." मी कुठलं रंगून बघितलंय? पण त्या दिवशी मी दिवसभर कुणाशी बोलले नाही, आणि त्यातलं अर्धं सुख होतं, अर्धं काय होतं ते सांगता येत नाही.

साहेबांनी आपल्या मित्रांना लिहिलं. हैदराबादहून, एकदा तर थेट मद्रासकडून, पार्सलानं वेटोळी यायला लागली. फार नाहीत, वर्षाला पाच-सात. त्यांना मी कुंकू लावलं नाही. हातात धरून नुसतंच जरा वेळ बसायची आणि मग बांधायची. आता मी ओट्यावर बसत होते, बांगड्या मोकळ्या. काम आतच करायचं, पण बाहेर बसून घ्यायचं, द्यायचं, बोलायचं. सिरसाळ्याची धाकटी सून तोडे घेऊन आली तेव्हा मला बघून तिचा जीव जरा थाऱ्यावर आला. पुढं दुसरी मोठी लढाई लागली, सरकारनं असल्या सगळ्या यंत्रांचे परवाने बंद केले. अमीन, म्हणजे ठाण्याचा फौजदार, आला आणि साहेबांचं यंत्र पोत्यात घालून घेऊन गेला. वेटोळं त्याच्यासोबत गेलं. इस्माईलनं सायकलला चाकं लावली. रंगूनच्या दोस्ताचं काय झालं, ते साहेबांना शेवटपर्यंत कळलं नाही.

मालकांचं सांगायचं राहिलं. त्या दुपारनंतर ते ओट्यावर बसले नाहीत. मी कितीदा म्हटलं, बोलायला तुमीच पाहिजेत, मला गिऱ्हाईक धरून ठेवता येत न्हाई. ते म्हणायचे, आता काय लपवायचं राहिलंय बोलून. आतल्या अंधाऱ्या खोलीत, माझ्या जागी, भिंतीला टेकून बसायचे. मी बाहेर बोलत असले की ते आत ऐकत असायचे, हे मला कळायचं. माझ्यावर कधी रागावले नाहीत. त्या दिवसाचं नावही काढलं नाही, सोळा वर्षं.

शेवटच्या आजारात, तिसऱ्या प्रहरी, मी त्यांना चमच्यानं पेज देत होते. दोन चमचे घेतले आणि मान फिरवली. वाटलं झोप आली. डोळे मिटलेले, आणि म्हणाले,

"जरा थांबली असतीस."

मी म्हटलं, "कुठं?"

"साफ तर केलंच होतं मी. चांदीच राहिली होती. आणखी दोन हात फिरवले असते तर बसली असती."

मी चमचा वाटीत ठेवला.

"दही अजून पांढरं होतं," ते म्हणाले.

मी म्हटलं, "व्हय. पांढरंच होतं."